डाव्या बाजूची तार

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारला तीन आठवडे होऊन गेले. कार्यक्रमाला साठेक माणसं होती आणि तो उत्तम झाला असंच सगळ्यांचं मत आहे. तो झालाही उत्तम. तरी रोज एखाद्या पियानोपुढे बसून तारांमध्ये फेल्टची पट्टी सरकवायला लागले की मला तो दिवस आठवतो. त्या दिवशी एका बाईंना जी गोष्ट मी सांगितली नाही, ती पुन्हा पुन्हा मनात येते. म्हणून हे लिहिते आहे.

मी पियानो लावते. इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या आसपासच्या गावांमध्ये. मूळची मी मिरजेची. शाळेचा रस्ता सतारमेकरांच्या गल्लीतून जायचा, त्यामुळे तारेला कान लावून बसलेला माणूस हे दृश्य मला लहानपणापासून ओळखीचं. लग्नानंतर इकडे आले आणि न्यूअर्कच्या कॉलेजात, जिथे वाद्यं बनवायला आणि दुरुस्त करायला शिकवतात, तिथे पियानो ट्यूनिंग शिकले. त्याला आता अकरा वर्षं झाली. रोजचं काम म्हणजे दिवसाला दोन-तीन पियानो, बहुतेक घरांमधले आणि शाळांमधले. गेल्या गेल्या मी फ्रिज बंद करायला सांगते. लोकांना याचं नवल वाटतं, पण इथल्या विजेची घरघर सेकंदाला १०० कंपनांची असते. पियानोच्या खालच्या सप्तकात तिच्या अगदी शेजारीच एक स्वर आहे, आणि फ्रिज चालू असला तर त्या स्वराची तार खरं बोलते की खोटं, हे कळत नाही.

त्या शनिवारी मात्र घर नव्हतं. तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात चर्चचं सभागृह होतं आणि संध्याकाळी तिथे रेकॉर्डर आणि पियानो यांचा कार्यक्रम होता.

रेकॉर्डर म्हणजे उभी धरायची लाकडी बासरी, आपल्या अलगुजाच्या जातीची. चोचीसारख्या तोंडातून फुंकलं की हवा एका अरुंद फटीतून जाते आणि समोरच्या लाकडी धारेवर आपटते. पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. इकडच्या शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती प्लास्टिकचा रेकॉर्डर दिला गेला. त्यामुळे रेकॉर्डर म्हटलं की इथल्या माणसाला तीस मुलांनी एकदम काढलेला चिरका आवाज आठवतो. या वाद्यावर झालेला हा मोठा अन्याय आहे. नीट वाजवलेला रेकॉर्डर ऐकून हादरलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण पियानो लावणारीच्या दृष्टीने हे वाद्य कठीण. आडव्या बासरीत ओठ थोडे वळवून सूर वर-खाली करता येतो. रेकॉर्डरची फट आणि धार कारागिराने एकदाच ठरवून टाकलेली असते. जोरात फुंकलं की सूर चढतो, हलकं फुंकलं की उतरतो. म्हणजे आवाज लहान-मोठा करायचा तर सूर हलतो, आणि तो जागेवर ठेवायचा तर बोटांनीच. हलकं वाजवताना एखादं बोट भोकावरून केसभर उचलायचं म्हणजे उतरलेला सूर वर येतो. जोरात वाजवताना खालचं भोक थोडं झाकायचं म्हणजे चढलेला खाली येतो. त्यात हा आवाज सरळ, साधा, काचेसारखा. शेजारचा पियानो चार सेंट इकडे-तिकडे असला तरी लगेच उघडं पडतं. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.

कार्यक्रमाचा गाभा होता इंग्लिश रचनाकार लेनॉक्स बर्कले यांची सोनाटिना, म्हणजे वाद्यांसाठीची छोटेखानी रचना, ओपस १३. तीन भाग आहेत: मोडेराटो म्हणजे मध्यम लयीचा, अडाजिओ म्हणजे संथ, अलेग्रो मोडेराटो म्हणजे जरा चपळ. सगळी मिळून दहा-अकरा मिनिटांची. बर्कले ऑक्सफर्डजवळ जन्मले आणि पॅरिसमध्ये नादिया बुलाँजे यांच्याकडे शिकले. त्यांच्या लिखाणातला फ्रेंच नेटकेपणा तिथून आलेला. एकही स्वर उगाच भरलेला नाही, आणि पियानो फार विचार करून लिहिला आहे; तो रेकॉर्डरला कधी बुजवत नाही. ही रचना १९३९ची. त्या सुमारास इंग्लंडातल्या तरुण रचनाकारांनी एकदम रेकॉर्डरसाठी लिहायला घेतलं होतं. वॉल्टर ली यांचीही एक सोनाटिना त्याच वर्षाची. ते जर्मन रचनाकार हिंडेमिथ यांचे शिष्य. १९४२मध्ये लिबियात टोब्रुकजवळ लढाईत मारले गेले तेव्हा सदतीसही पूर्ण झाले नव्हते. त्यांची सोनाटिना मध्यंतरानंतर होती.

बर्कलेंची सोनाटिना पहिल्यांदा वाजवली कार्ल डॉलमेच यांनी. हे नाव इकडे सगळ्या रेकॉर्डरवाल्यांच्या तोंडी असतं. कार्ल लहान असताना, १९१९मध्ये, त्यांच्या वडिलांचा अठराव्या शतकातला रेकॉर्डर ज्या पिशवीत होता ती पिशवी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर राहून गेली. ती विसरणारा मुलगा म्हणजे कार्लच, असं सांगतात. वडील आर्नल्ड यांनी मग हाताशी असलेल्या मापांवरून स्वतःच रेकॉर्डर घडवायला सुरुवात केली, आणि हॅझलमिअरच्या त्यांच्या कारखान्यातून हे विसरलेलं वाद्य पुन्हा जगात आलं. पुढे कार्लनी रेकॉर्डरला हनुवटीने दाबायची एक किल्ली बसवली, ती हलकं वाजवताना उतरणारा सूर सावरण्यासाठी. ही किल्ली फारशी रुळली नाही. पण एवढ्या मोठ्या वादकालाही तिची गरज वाटली, यावरून अडचण केवढी आहे ते कळावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक नव्या शिकाऊ मुलाला सांगते. १९३९च्याच मे महिन्यात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, असं ठरलं. ए म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. त्याआधी इंग्लंडात ४३९ चालायचा. ४३९ ही मूळ संख्या, तिला कशाने भाग जात नाही. त्यामुळे रेडिओच्या स्फटिकाची ठरलेली कंपनं भागून तेवढी कंपनं काढणं अवघड होतं. ४४० सोपा पडला. म्हणजे ज्या वर्षी ही रचना लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली, त्याच वर्षी त्याच शहरात माझ्या नादकाट्यावरचा आकडा ठरला. यातून काही सिद्ध होत नाही, पण त्या दिवशी गाडी चालवताना मला त्याचा आनंद वाटत होता.

साडेनऊला पोचले. पियानो शंभरेक वर्षांचा, इंग्लिश बनावटीचा लहान ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा पियानो. मूळचा चांगला, गोड आवाजाचा. पण ठेवला होता हीटरला चिकटून, आणि थंडी म्हणून दोन दिवस हीटर अखंड चालू. मी माझं आर्द्रतामापक झाकणावर ठेवलं, ते ३१ टक्क्यांवर येऊन थांबलं. इतक्या कोरड्या हवेत साउंडबोर्डचं, म्हणजे तारांखालच्या आवाज घुमवणाऱ्या फळीचं, लाकूड आकसतं, त्याचा फुगवटा बसतो आणि तारांचा ताण कमी होतो. ए लावून पाहिला, ४३४ भरला. शिवाय झाकणावर फुलदाणी होती आणि तिच्याखाली पाण्याचं पांढरं वर्तुळ. पियानोवर पाणी ठेवू नका, हीटरजवळ ठेवू नका, आणि ट्यूनरला कार्यक्रमाच्या दिवशी नाही तर आठवडाभर आधी बोलवा, हे मी समित्यांना किती वर्षं सांगते आहे. माणसं चांगली असतात, चहा देतात, बिस्किटं देतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतात.

रेकॉर्डर वाजवणाऱ्या बाईंचं वाद्य ४४२चं होतं, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. डोक्याचा, म्हणजे फुंकायच्या वरच्या तुकड्याचा, सांधा दीड-दोन मिलिमीटर बाहेर ओढून ४४०ला त्या सहज येणार होत्या. पण ४३४ला येणं शक्य नव्हतं. सांधा जास्त ओढला की नळीची लांबी वाढते, आणि ती सगळ्या स्वरांना सारखी लागत नाही. ज्या स्वरांना थोडीच भोकं झाकलेली असतात, म्हणजे नळी आखूड असते, ते जास्त उतरतात. सगळी भोकं झाकलेले कमी. वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. तेव्हा पियानोलाच वर यावं लागणार होतं.

४३४वरून ४४० म्हणजे चोवीस सेंट, अर्ध्या सुराचा जवळजवळ पाव हिस्सा. ऐकायला कमी वाटतं. पियानोत दोनशेतीसच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण सोळा ते वीस टन. सूर एवढा चढवायचा म्हणजे त्या जुन्या लोखंडी चौकटीवर आणखी अर्ध्या टनाच्या आसपास भार टाकायचा. तोही एका दमात नाही. मधल्या तारा चढवल्या की साउंडबोर्ड दबतो आणि आधी लावलेल्या पुन्हा उतरतात. म्हणून पहिल्या फेरीत मुद्दाम पुढे जायचं. ए ४४१.५वर ठेवला, बाकीच्यांचंही त्याच हिशेबाने. प्रत्येक तार आधी किंचित सैल करायची, म्हणजे गंजाची पकड सुटते, आणि मगच ओढायची. शंभर वर्षांची तार सरळ ओढली तर तुटते. त्या दिवशी एकही तुटली नाही. मला माझ्या हाताचा अभिमान आहे तो अशा कामासाठी.

दुसऱ्या फेरीला अकरा वाजून गेले होते. या फेरीत नुसतं ऐकायचं असतं. दोन तारा एकमेकींपासून जराशा दूर असल्या की आवाज डोलतो, आणि जवळ येतील तसा डोल मंदावतो. एफ आणि ए, पांढरी चार आणि पांढरी सहा, ही जोडी मधल्या सप्तकाखाली सेकंदाला जवळजवळ सात वेळा थरथरायला हवी. सहा नको, आठ नको. हे सात मोजायचे नसतात, अंगात बसलेले असतात. आणि एका स्वराच्या तीन तारा एकमेकींशी अशा मिळवायच्या, की डोल पूर्ण थांबून तीन तारांची एकच तार वाटावी. मिरजेतल्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारे आजोबा दोरा घोडीवर सरकवत सरकवत एका जागी थांबायचे, ती थांबायची जागा मला अजून आठवते. ही तीच.

मधल्या ए वर आले आणि डाव्या तारेपाशी हाताला ते जाणवलं. खुंटी लोण्यात रुतवल्यासारखी फिरत होती. लीव्हर सोडला की तार क्षणभर राही, मग अगदी हळू खाली घसरे. खुंट्या जिच्यात रुतलेल्या असतात ती लाकडाची फळी कोरडी पडून भोक मोठं झालेलं. वाढलेल्या ताणाखाली बाकी खुंट्या टिकल्या, हिने हात टेकले. आणि नेमका ए. ज्यावरून संध्याकाळी रेकॉर्डर सूर घेणार तो.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. एक, खुंटी काढून जाड खुंटी बसवायची. पण तार एकदा सोडून पुन्हा गुंडाळली की ती चार-पाच दिवस उतरतच राहते, म्हणजे त्या दिवशी उपयोग नाही. दुसरी, खुंटी थोडी आत ठोकायची. ग्रँडमध्ये हे सरळ ठोकता येत नाही. पट्ट्या आणि हातोड्यांचा सगळा सांगाडा बाहेर काढून फळीखाली आधार लावावा लागतो, नाही तर फळीच चिरते. तिसरी सगळ्यात सोपी. त्या एका तारेला फेल्टची पाचर लावून ती मुकी करायची. उरलेल्या दोन तारांवर ए वाजेल, शेजारच्या स्वरांपेक्षा जरा बारीक, पण पक्का.

मी दुसरी वाट घेतली. सांगाडा काढला, आधार लावला, खुंटी दीड मिलिमीटर आत ठोकली. पकड आली. तार लावली, दहा वेळा जोरात वाजवली, हलली नाही. पण आलेली पकड पक्की होती असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. पाचर लावायला हवी होती. ती न लावण्याचं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. चोवीस सेंट चढवून, एकही तार न तोडता इतका सुंदर लावलेला पियानो, आणि त्याचा पहिला ऐकला जाणारा स्वर बारीक? ते मला सहन होईना.

दोन वाजता दोघी आल्या. पियानो वाजवणारी पंचविशीतली मुलगी, शांत, कामापुरतं बोलणारी. रेकॉर्डरवाल्या बाई सत्तरीच्या जवळ आलेल्या, आयुष्यभर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. कोट काढायच्या आधी त्यांनी पिशवीतून रेकॉर्डरचं डोकं काढलं आणि स्वेटरखाली काखेत धरलं. लाकूड गरम झाल्याशिवाय त्या फुंकत नाहीत. हवा एक अंश तापली की सूर तीनेक सेंट चढतो, आणि गार फटीत श्वासाची वाफ लगेच जमते. गप्पा मारताना एक हात सारखा काखेशी. मग वाद्य जोडलं, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ए दे." मी दिला. त्यांनी एक लांब सूर धरला, सांधा नखभर ओढला, पुन्हा धरला. पियानोचा स्वर विरत गेला आणि रेकॉर्डरचा तसाच राहिला, मध्ये शिवण दिसली नाही. त्या माझ्याकडे बघून हसल्या.

तालीम छान झाली. तार हलली नाही. बाई एका जागी थांबल्या, अडाजिओत एक वाक्य त्यांना मोकळ्या श्वासाने मोठं करत न्यायचं होतं. मुलीला म्हणाल्या, "इथे तू मागे राहू नकोस, मला भरपूर आवाज हवाय खाली." मुलीने पेन्सिलने खूण केली.

निघताना मी मुलीला बाजूला घेतलं. ए ची डावी तार दगा देऊ शकते, दिला तर डावं पेडल दाब, एवढंच सांगितलं. ग्रँडमध्ये डावं पेडल दाबलं की सगळ्या पट्ट्या हातोड्यांसकट केसभर उजवीकडे सरकतात आणि हातोडी तीनऐवजी दोनच तारांवर पडते. सुटते ती डावीकडची. सरकलेली तार बाजूला घुमेल थोडी, पण कोणाला कळणार नाही. तिला हे लगेच समजलं. बाई तेव्हा दहा पावलांवर रेकॉर्डर पुसत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही. त्यांचा पियानोशी काय संबंध, असं मनात आलं असेल. कदाचित तेवढंही आलं नसेल.

संध्याकाळी मी चौथ्या रांगेत कडेला बसले. बर्कले मध्यंतराआधी शेवटी होता. पहिल्या भागाच्या अखेरीकडे मला पहिला डोल ऐकू आला, सेकंदाला एक. माझ्याखेरीज कोणाला कळला नसेल. पियानोच्या मधल्या भागातला ए कुठल्याही रचनेत किती वेळा येतो हे मी त्या दोन मिनिटांत शिकले. दुसरा डोल, तिसरा. भाग संपला तेव्हा तार तीन कंपनं तरी खाली गेलेली होती आणि स्वराला उग्र वास यावा तसा तो ए झाला होता. मुलीने मांडीवर हात ठेवले, खाली पाहिलं आणि डावा पाय पेडलवर नेला.

अडाजिओ सुरू झाला आणि पियानोचा आवाज जणू दाराबाहेर गेला. ए शुद्ध होता. पण जिथे बाईंनी भरपूर आवाज मागितला होता, तिथे सगळंच मऊ, पातळ. बाईंची नजर क्षणभर डावीकडे गेली. मग त्यांनी श्वास आखडता घेतला. मला त्यांचे खांदे दिसत होते, ते खाली आले. एवढ्या कमी श्वासावर रेकॉर्डर उतरायलाच हवा. तो उतरला नाही. त्यांची बोटं भोकांवर बसत होती ती पूर्ण नाही, एकेक बोट जणू गरम भांड्यावर टेकवल्यासारखं, आणि प्रत्येक स्वर पियानोच्या स्वरावर अलगद येऊन बसत होता. मोठं करत न्यायचं ते वाक्य त्यांनी तसंच कुजबुजत नेलं. सभागृहात कोणी खोकलं नाही. अकरा वर्षं मी या वाद्यांच्या मागे आहे, रेकॉर्डरवर एवढा हलका आणि एवढा खरा सूर मी ऐकला नव्हता.

तिसरा भाग चपळ. मुलगी पेडल दाबूनच दोन तारांवर जोर लावत राहिली आणि निभावलं. टाळ्या खूप झाल्या.

मध्यंतरात मी धावत मंचावर गेले, झाकण उघडलं, डावी तार वर घेतली आणि पाचर लावली. सकाळी लावायला हवी होती तीच. मान वर केली तर बाई चहाचा कप घेऊन शेजारी उभ्या. पाचरेकडे बघत होत्या.

"ही तार सरकणार हे तुला ठाऊक होतं?"

"शक्यता होती," मी म्हणाले.

"आणि तिला सांगितलंस."

"हो. पियानो ती वाजवणार होती म्हणून."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं मी फार जोरात वाजवतेय. ती मला गप्प करतेय असं वाटलं. पूर्ण अडाजिओभर मी स्वतःला दोष देत होते." आवाज चढलेला नव्हता. तेवढ्यात एक गृहस्थ आले आणि त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, की तो मधला भाग आयुष्यभर लक्षात राहील. बाईंनी आभार मानले. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. मी माफी मागितली. "बरं," म्हणाल्या, आणि रेकॉर्डरचं डोकं पुन्हा काखेत धरलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. वाजवणाऱ्याला पियानोचे आजार सांगू नयेत, तो बिचकतो. दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या ट्यूनरला फोन केला, तोही हेच म्हणाला. बिचकलेला वादक चुका करतो, तू केलंस ते बरोबर केलंस. या माणसाकडून मी खूप शिकले आहे, पण हे मला पटत नाही. मुलीला सांगितलं तेव्हा ती बिचकली नाही. उलट तिच्या हातात एक उपाय आला. बाईंनाही तो द्यायला माझं एक वाक्य पुरलं असतं. पियानो मऊ का झाला हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी तोच भाग वेगळा वाजवला असता. कदाचित मोठ्याने, कदाचित तसाच हलका, पण स्वतःच्या मर्जीने. लोकांना जो भाग जन्मभर लक्षात राहणार आहे तो एका बाईने मान खाली घालून वाजवला, आणि ती मान खाली घालायला मी लावली. तरीही तो सूर तसा पुन्हा कधी ऐकायला मिळेल का, हा विचार मनात येतो आणि आल्याबरोबर लाज वाटते. या दोन गोष्टी मला अजून एकत्र बसवता आलेल्या नाहीत.

दहा दिवसांनी जाऊन मी एका नंबरने जाड खुंटी बसवली. त्याचे पैसे घेतले नाहीत. पियानो हीटरपासून ओढून पलीकडच्या भिंतीला लावला आणि समितीच्या सेक्रेटरींना जागेवर उभं करून दाखवलं, इथून हलवायचा नाही. घरी येऊन बाईंना पत्र लिहिलं. माफी पुन्हा मागितली आणि एक प्रश्न विचारला, कारण तो मला झोपू देत नव्हता. इतक्या कमी श्वासात सूर वर ठेवला कसा?

गेल्या मंगळवारी उत्तर आलं. पहिल्या अर्ध्या पानावर बोटं लिहिली आहेत, स्वरागणिक. कुठे डाव्या हाताची अनामिका किंचित उचलली, कुठे अंगठ्याचं भोक नखाएवढं उघडलं, आणि वरच्या दोन स्वरांना नेहमीची बोटं सोडून कुठली धरली. त्या तारेबद्दल एक अक्षर नाही. खाली लिहिलं आहे, की मे महिन्यात दुसऱ्या एका गावात हीच सोनाटिना आहे, तिथला पियानो त्यांनी पाहिलेला नाही, आणि मी येऊ शकेन का. त्यांची तालीम दुपारी दोनला असते. त्यांनी मला बाराला बोलावलं आहे, त्या असतानाच लावायचा म्हणून.